पहिला रिपोर्ट खोटा होता का?

वाचकांचे प्रश्न

डॉक्टरताई, नमस्कार. आम्ही राळेगाव तालुक्यातले, जिल्हा यवतमाळ. सात एकर वावर आहे, कपाशी आणि तूर. माझे बाबा अठ्ठावन्न वर्षांचे. मागच्या वर्षी त्यांना संडासातून रक्त जात होतं. पाच-सहा महिने मूळव्याध समजून औषध चाललं. शेवटी नागपूरला नेलं तर दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्यात, डाव्या बाजूला गाठ निघाली आणि स्कॅनमध्ये यकृतातही चार गाठी दिसल्या. आतड्यातल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्टमध्ये ‘केरास, एनरास : बदल आढळला नाही’ असं लिहून आलं. डॉक्टर म्हणाले, हे चांगलं झालं, केमोसोबत सेटुक्सिमॅबचं इंजेक्शन यांना लागू पडेल. लागूही पडलं. तोंडावर, छातीवर मुरमासारखं पुरळ आलं, पण यकृतातल्या गाठी निम्म्याहून लहान झाल्या. पोळ्याला बाबा स्वतः बैल घेऊन तोरणाखाली उभे होते. मग आठव्या महिन्यात दोन गाठी परत वाढल्या, एक नवीन आली. या वेळी रक्त तपासायला पाठवलं तर ‘केरासमध्ये बदल आहे’ असा रिपोर्ट आला. आता ते इंजेक्शन बंद करून दुसरी केमो देणार आहेत. पहिला रिपोर्ट खोटा होता का? की वेचणीच्या दिवसांत दोन फेऱ्या माझ्यामुळे चुकल्या, म्हणून असं झालं? मजूर मिळत नव्हते, मी बाबांना घेऊन गेलोच नाही. घरात माय काही बोलत नाही, तेच जास्त लागते. एकाच माणसाचा एकच कॅन्सर, मंग औषध अर्ध्यातच काहून बंद पडते?
– एक वाचक, ता. राळेगाव

भाऊ, आधी वेचणीचं सांगते, कारण पत्रात सगळ्यात जड वाक्य तेच आहे. फेऱ्या चुकू नयेत हे खरं. पण दोन फेऱ्या चुकल्या म्हणून केरास या जनुकातला बदल जन्माला आला, असं होत नाही. तो बदल असलेल्या थोड्या पेशी बाबांच्या गाठीत बहुधा आधीपासून होत्या, इंजेक्शनची पहिली बाटली लागली त्याच्याही आधी. एवढा परिच्छेद मायला वाचून दाखवा, मग पुढचं वाचा.

आता रिपोर्ट. हे माझंच काम आहे. मी पॅथॉलॉजिस्ट, असे तुकडे रोज माझ्या टेबलावर येतात. आतड्यातून दुर्बिणीनं काढलेले तुकडे ज्वारीच्या दाण्याएवढे असतात, पाच किंवा सहा. ते फॉर्मलिनमध्ये मुरवून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, मग त्याचे केसाहून कितीतरी पातळ काप काढून गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवतात. एका घनसेंटिमीटर गाठीत दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत पेशी असतात. तुमच्या बाबांना आतड्यात एक आणि यकृतात चार गाठी होत्या. त्या सगळ्या पेशींमधून आम्हाला मिळाले ज्वारीचे सहा दाणे. त्यातही आजची सिक्वेन्सिंगची, म्हणजे जनुकाची अक्षरं वाचण्याची, तपासणी साधारणपणे जनुकाच्या शंभरात पाचेक प्रती बदललेल्या असतील तेव्हा ‘बदल आहे’ असं ठामपणे लिहू शकते. जुन्या पद्धतीत तर पंधरा-वीस लागायच्या. लाखात एक पेशी वेगळी असेल तर ती त्या कागदावर येतच नाही. तुमचा पहिला रिपोर्ट खरा होता. तो त्या सहा दाण्यांबद्दल खरा होता.

मी हिंगणघाट तालुक्यातल्या कापूसवाल्याची मुलगी आहे, म्हणून पुढचं तुमच्या वावरातूनच सांगते. २००२ साली आपल्याकडे बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ पासून दोन जनुकांचं बियाणं आलं. सुरुवातीची वर्षं आठवा, बोंडअळीसाठीच्या फवारण्या किती कमी झाल्या होत्या. आणि मग २०१७. त्या दिवाळीनंतर मी घरी गेले तेव्हा माझे बाबा बाजेवर बसून हिरवी बोंडं फोडत होते. बाहेरून बोंड निरोगी, आतून प्रत्येकात गुलाबी अळी. पऱ्हाटीवर डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्यानं न उमलणाऱ्या कळ्या, तर सप्टेंबरपासूनच दिसत होत्या. बाबा एकच वाक्य परत परत म्हणत होते, “बियाणं खोटं निघालं.” तुमच्या पत्रातला प्रश्न मी तेव्हा आमच्या अंगणात ऐकला आहे.

बीटी बियाण्यात बोंडअळीला मारणारं विष होतं. पण पहिल्या वर्षीही लाखो अळ्यांमध्ये एखादी अशी होती, जिच्या पोटात ते चालत नव्हतं. विषानं तिला घडवलं नाही. बाकीच्या मेल्या आणि तिला सगळं रान मोकळं मिळालं. हंगामामागून हंगाम तिचीच पिल्लं वाढली. गाठीत नेमकं हेच होतं, फक्त वर्षांच्या जागी महिने लागतात.

केरास म्हणजे काय तेही दोन ओळींत सांगते (एनरास हे त्याचंच भावंड). आतड्यातल्या पेशीच्या अंगावर ईजीएफआर नावाचा एक स्टार्टर असतो. तो दाबला की केरासच्या तारेतून आत निरोप जातो, वाढ. सेटुक्सिमॅब हा स्टार्टर झाकून टाकतं. पण ज्या पेशीत केरास बदललेला आहे तिथं मोटर डायरेक्ट जोडलेली असते, स्टार्टर झाका की उघडा ठेवा, ती चालूच. मोठ्या आतड्याच्या शंभर कॅन्सरांपैकी सुमारे चाळिसांत हा बदल सुरुवातीलाच सगळीकडे असतो, आणि त्यांना या इंजेक्शनचा फायदा होत नाही हे २००८ मध्ये स्पष्ट झालं. तेव्हापासून आधी तपासणी आणि मग इंजेक्शन असा क्रम झाला. तुमचे बाबा उरलेल्या साठांतले, म्हणून त्यांना इंजेक्शन मिळालं, आणि त्यानं काम केलं. ते आठ महिने फुकट गेले असं कृपा करून म्हणू नका. पोळा त्यातलाच आहे.

२०१२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दोन अभ्यास आले, त्यांतला एक तुमच्या घरातली गोष्ट सांगतो. सेटुक्सिमॅबसारख्याच एका औषधावर असलेल्या, केरास नॉर्मल असलेल्या २४ रुग्णांच्या रक्ताचे नमुने वेळोवेळी तपासले गेले. त्यांपैकी ९ जणांच्या रक्तात नंतर केरासचे बदल दिसू लागले, बहुतेकांत उपचार सुरू झाल्यावर पाचव्या-सहाव्या महिन्यात. तिघांत तर एकाहून जास्त प्रकारचे बदल निघाले. ते किती वेगानं वाढले यावरून संशोधकांनी उलटा हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की औषध सुरू होण्याआधीच त्या पेशींची छोटी छोटी कुळं गाठीत होती. 

तुमच्या दुसऱ्या रिपोर्टला रक्त का लागलं, हेही कापूसवाल्याला समजायला सोपं आहे. बोंडअळी बोंडात असते, डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपण कामगंध सापळे लावतो, मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ नर पतंग सापडले की समजायचं, वेळ आली. मरणाऱ्या कॅन्सरपेशींचे डीएनएचे तुकडे रक्तात सांडतात. आतड्यातल्या, यकृतातल्या, सगळ्या गाठींचे तुकडे एकाच नळीत येतात. सुई एका गाठीत जाते, रक्त सगळ्यांची बातमी आणतं. ज्या गाठी रक्तात फारसं सांडत नाहीत त्यांची बातमी मात्र सापळ्यात येत नाही, म्हणून रिकामा सापळा म्हणजे रिकामं वावर असं धरून चालत नाही.

इंजेक्शन बंद करण्याचा तुमच्या डॉक्टरांचा निर्णय मला बरोबर वाटतो. चालू ठेवलं तर साध्या पेशी मरत राहतील आणि बदललेल्यांना जागा मिळत राहील. त्यांनी सांगितलेल्या दुसऱ्या केमोत बहुधा इरिनोटेकान असेल. ते वेगळ्या वाटेनं काम करतं आणि केरास कसा आहे यावर अवलंबून नसतं. जुलाब लागतात. लागले की त्याच दिवशी फोन करायचा, ‘उद्या बघू’ नाही. ओआरएसची पाकिटं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली जुलाबाची गोळी आधीच घरात आणून ठेवा. तुमच्या गावाहून रात्री गाडी मिळत नाही, हे मला ठाऊक आहे.

आणि आणखी एक, जे बाबांच्या डॉक्टरांना जरूर विचारा. इंजेक्शन बंद झालं की केरास बदललेल्या पेशींचा फायदा संपतो, आणि रक्तातलं त्यांचं प्रमाण साधारण चार महिन्यांत निम्म्यावर येतं असं दिसलं आहे. म्हणून काही रुग्णांत मधल्या काळात दुसरं औषध देऊन, पुन्हा रक्त तपासून, बदल नाहीसे झाले असतील तर त्याच जातीचं औषध परत देतात. इटलीतल्या एका अभ्यासात, २०२२ सालच्या, असं रक्त पाहून २७ जणांना औषध परत दिलं, त्यांपैकी ८ जणांच्या गाठी पुन्हा लहान झाल्या. आठच, पण २७ जणांमधले आठ. मी तुम्हाला आशा विकत नाही. ही चर्चा होऊ शकते एवढं माहीत असू द्या.

बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं छोटं पाकीट यायचं, आठवतं? आमच्या घरी ते धुऱ्यावर फेकलेलं मी पाहिलं आहे. साध्या कपाशीवर साध्या अळ्या जगाव्यात आणि त्यांनी चिवट अळ्यांशी जोडा जमवून चिवटपणा पातळ करावा, यासाठी ते होतं. कॅन्सरच्या पेशी जोडा जमवत नाहीत, त्यामुळे दाखला इथं तुटतो. पण साध्या पेशी जिवंत असल्या की त्या चिवट पेशींची जागा आणि खाणं अडवतात, हे खरं आहे. अमेरिकेतले डॉक्टर रॉबर्ट गेटनबी यांनी २००९ मध्ये मांडलेली पद्धत यावरच उभी आहे : गाठ संपवण्याच्या हट्टात सगळं औषध ओतायचं नाही, गाठ आटोक्यात राहील इतकंच द्यायचं, थांबायचं, पुन्हा द्यायचं. त्यांनी किडींच्या नियंत्रणातूनच हा विचार घेतला. मोठ्या आतड्यासाठी हा अजून रोजचा उपचार नाही, म्हणून तुमच्या बाबांना तो द्या असं मी म्हणणार नाही. पण “मात्रा वाढवा, जास्त जालीम द्या” असं गावात कोणी म्हणालं तर २०१७ आठवा. तुमच्याच जिल्ह्यात फवारणी करताना माणसं विषबाधेनं गेली, आणि अळी बोंडातच राहिली.

आता कामाचं. पहिल्या तपासणीचा मेणाचा ठोकळा रुग्णालयात जपलेला असतो. नवी तपासणी ठरली तर तो मागून घेता येतो, त्यासाठी बायोप्सीचा नंबर लागतो. सगळे रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलमध्ये लावा. रिपोर्टमध्ये ‘एमएमआर’ किंवा ‘एमएसआय’ असा शब्द आहे का बघा. नसेल तर ती तपासणी झाली का, ते विचारा. काहींच्या गाठीत डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणाच बिघडलेली असते. त्यांना प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधं फार चांगली लागू पडतात, आणि त्यांच्या घरात हा आजार वारशानं आलेला असू शकतो. तसं काही नसलं तरी तुम्ही आणि तुमची भावंडं चाळिशीला पोचलात की आतड्याची दुर्बीण करून घ्या. त्याआधी कोणाला रक्त गेलं तर मूळव्याध समजून थांबू नका. तुमच्या घरानं पाच-सहा महिने दिले आहेत, आणखी देऊ नका.

डॉक्टर मॅडम, माझ्या मामाजींचं आतड्याचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं. आता यकृतात गाठी आल्या म्हणून सुईनं तुकडा काढायचं म्हणतात. पहिला तुकडा होता ना, मग परत कशाला? सासूबाई म्हणतात, लोखंड लागलं की हा रोग पेटतो. – एक वाचक, ता. लाखनी, जि. भंडारा

ताई, परत यासाठी की यकृतातली गाठ दोन वर्षांनी आणि मधल्या केमोनंतर वाढली आहे, आणि ती जुन्या गाठीसारखीच असेल असं धरून चालता येत नाही. कधी कधी तर ती वेगळ्याच अवयवातली निघते.

सासूबाईंच्या भीतीला कारण आहे, तिला हसू नका. आपल्याकडे माणूस उशिरा रुग्णालयात पोचतो, ऑपरेशन होतं तेव्हा रोग आधीच पसरलेला असतो, आणि घरी आल्यावर तो दिसू लागतो. पाहणाऱ्याला वाटतं, चाकूनं पेटवलं. सुईच्या वाटेवर कॅन्सरपेशी रुजल्याचं घडतं, पण फार क्वचित. म्हणूनच यकृतातली गाठ कापून काढण्याजोगी असेल तर सर्जन शक्यतो सुई टाळतात. मामाजींची गाठ तशी आहे का, एवढा एकच प्रश्न सुई लावण्याआधी विचारा. नसेल, तर तुकडा द्या.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. संशोधक एकाच रुग्णाच्या गाठीचे इतके वेगवेगळे भाग का तपासतात, आणि औषध दिल्यावर पेशी चिवट होतात की आधीच असतात हे कसं ठरवतात? मला हेच शिकायचं आहे, पण आमच्या कॉलेजात साधं इन्क्युबेटर आणि पेट्री डिश एवढंच आहे. – एक विद्यार्थिनी, ता. चिमूर, जि. चंद्रपूर

बाई गं, तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर १९४३ मध्ये पेट्री डिशवरच मिळालं. लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी जिवाणू वेगवेगळ्या नळ्यांत वाढवले आणि मग प्रत्येक नळीतले जिवाणू, आधीच विषाणू लावलेल्या वेगळ्या डिशवर टाकले. विषाणूची गाठ पडल्यावर जिवाणू चिवट होत असते तर सगळ्या डिशवर जवळपास सारखे ठिपके दिसले असते. दिसलं वेगळंच. कुठं शून्य, कुठं दोन आणि एखाद्या डिशवर एकदम ढीग. ज्या नळीत बदल लवकर, विषाणू येण्याआधीच झाला, तिथं त्याचं खानदान मोठं झालं होतं. राळेगावच्या भाऊंना मी ‘आधीपासून होतं’ म्हणाले ते या विचाराच्या बळावर.

मात्र सगळंच आधीपासून असतं असंही नाही, हे तुला शिकावं लागेल. २०१९ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की ईजीएफआरविरोधी औषधाच्या माऱ्यात आतड्याच्या कॅन्सरपेशी स्वतःची डीएनए-दुरुस्ती सैल करतात, त्यामुळे नवे बदल जास्त होतात. आणि काही पेशी कोणताच बदल न करता नुसत्या झोपून राहतात. २०१३ मधला एक प्रयोग मला फार आवडतो. दहा रुग्णांच्या आतड्याच्या कॅन्सरमधल्या पेशींना विषाणूमार्फत खुणा करून, उंदरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या, त्यांच्या दीडशे वंशवेलींचा माग काढला गेला. जनुकं सारखी असलेल्या पेशीही वेगवेगळ्या वागल्या. काही सतत वाढल्या, काही गप्प राहिल्या, आणि ऑक्झालिप्लॅटिन हे केमोचं औषध दिल्यावर त्या गप्प राहिलेल्यांतूनच गाठ परत उभी राहिली. तणाचं बी जमिनीत पडून राहतं ना, तसं. जनुकांचा रिपोर्ट कितीही बारीक केला तरी हे बी त्यात दिसत नाही. माझ्या मते आजचं सगळ्यात अवघड काम इथं आहे.

वेगवेगळे भाग का? मोठ्या आतड्याची गाठ ग्रंथींची बनलेली असते, सूक्ष्मदर्शकाखाली नळ्यांसारख्या दिसतात. २०१५ मध्ये १५ गाठींमधल्या ३४९ ग्रंथी एकेक करून तपासल्या गेल्या. गाठीच्या दोन टोकांना सापडणारे काही बदल सारखे होते, म्हणजे ते गाठ अगदी लहान असतानाच घडले आणि वाढताना मिसळत गेले. एकच तुकडा घेतला असता तर हे कळलंच नसतं. आता रुग्णाच्या गाठीतून प्रयोगशाळेत छोट्या ‘ऑर्गनॉइड’ गाठी वाढवून त्यांच्यावरही औषधं तपासतात. नेदरलँड्समध्ये २०१५ मध्ये २० रुग्णांच्या अशा जिवंत गाठींचा साठा तयार झाला. त्यातही अडचण आहेच. डिशमध्ये कोणत्या पेशी रुजतात, कोणत्या नाही, ही पुन्हा एक निवडच, आणि रुग्णाच्या शरीरातल्या रक्तवाहिन्या आणि प्रतिकारशक्ती तिथं नसतात.

संख्याशास्त्र सोडू नकोस, यातलं निम्मं काम तेच आहे. तुझ्या सरांना सांगून, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत निरुपद्रवी जिवाणूंवर १९४३ चा प्रयोग वीस नळ्यांत करून बघ, प्रत्येक डिशचे ठिपके स्वतः मोज, डिश टाकण्याआधी नीट निर्जंतुक कर. आणि दिवाळीच्या सुट्टीत संपादकांमार्फत मला कळव. आमच्या विभागात आतड्याच्या गाठींच्या जुन्या शिकवणीच्या स्लाइड आहेत. एकाच काचेवर डाव्या कोपऱ्यात सुबक ग्रंथी, मधे चिकट द्रवाची तळी, आणि उजव्या कडेला एकएकट्या सुटून निघालेल्या पेशी अशी एक स्लाइड मी तुझ्यासाठी काढून ठेवते.